पोरांना पोरी का मिळेनात? नवरदेवांच्या मोर्चापासून पोटगीपर्यंत, पुरुषांच्या बाजूनं जरा नीट बघूया

२१ डिसेंबर २०२२ ला सोलापूरच्या कलेक्टर ऑफिसवर एक मोर्चा गेला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. फेटे बांधून, नवरदेवाचा पोशाख घालून लग्नाच्या वयाची पोरं निघाली होती, काही जण तर घोड्यावर, आणि सोबत बँडबाजा. ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला मोर्चा होता. म्हणणं एवढंच, की आम्हाला नवरी मिळत नाही, सरकारनं लक्ष घालावं, गर्भलिंग तपासणीच्या विरोधातला कायदा नीट राबवावा. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले आणि बहुतेकांनी हसून पुढं ढकलले.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माढा, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही गावात पारावर बसा, तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं दिसतील, आणि त्यांच्या आया देवळात काय नवस बोलतात ते विचारायची गरज नाही. ह्याच पोरांसमोर स्त्री-पुरुष समानता असा शब्द काढला की ती भडकतात. म्हणतात, कसली समानता? एसटीत हाफ तिकीट त्यांना, लाडकी बहीण त्यांना, कायदे त्यांच्या बाजूचे, पोटगी आपण भरायची, आणि वरनं नकार पण आपल्यालाच.

हा राग खोटा नाही. पण तो ज्या दिशेला जातोय ती दिशा चुकीची आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते का, हे आकडे, कायदा आणि आपल्या जिल्ह्यातलं जगणं असं एक-एक घेऊन सांगतो.

आधी गणित

निसर्गात १००० पोरांमागं साधारण ९५० पोरी जन्मतात, हे जगभर असंच आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या मुलांमध्ये हा आकडा १९९१ च्या जनगणनेत ९४६ होता, म्हणजे जवळपास ठीक. २००१ ला झाला ९१३. २०११ ला ८९४. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, सोनोग्राफी मशीन तालुक्यापर्यंत पोचलं. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्रच, १९८८ साली, मग १९९४ ला देशाचा कायदा आला, २००३ ला तो अजून कडक झाला, तरी आकडा खाली येतच राहिला. २००१ ला जी पोरं शून्य ते सहा वर्षांची होती ती आज पंचविशी-तिशीत आहेत आणि बायोडाटा घेऊन फिरतायत. म्हणजे आज जी मुलगी सापडत नाही म्हणून आपण शोधतोय, ती पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याच आजी-आजोबांनी, आई-बापांनी, डॉक्टरांनी जन्मू दिली नाही. हे ऐकायला जड जातं पण याच्यापुढं गेल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

आता १००० ला ९१३ म्हणजे फार तर नऊ टक्क्यांचा फरक, एवढ्यानं एवढी बोंब का, असं कोणी विचारेल. तर समजा सोलापूर स्टँडवरनं पंढरपूरला तासाला एक गाडी सुटते, दर तासाला १०० माणसं येतात आणि गाडीत जागा ९१. पहिल्या गाडीला ९ जण राहिले. दुसऱ्या गाडीला १०० नवे आणि ९ जुने, पुन्हा जागा ९१ च, राहिले १८. तिसऱ्याला २७. पाचव्या गाडीपर्यंत स्टँडवर ४५ जण ताटकळत उभे, आणि गर्दीत मागं कोण पडतं तर म्हातारा, सामान जास्त असलेला, ज्याला धक्काबुक्की जमत नाही तो. (पोरींची तुलना सीटशी करायची मला इच्छा नाही, फक्त हिशोब कळावा म्हणून सांगितलं.) लग्नाचं असंच साचत जातं, यंदा राहिलेला पोरगा पुढच्या वर्षीच्या पोरांत मिसळतो.

त्यात आणखी एक भर पडते जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं मुलगा मुलीपेक्षा तीन-चार-पाच वर्षांनी मोठा बघतात. म्हणजे पोरगा आपल्यानंतर जन्मलेल्या पोरींमध्ये स्थळ शोधतो. महाराष्ट्रात जन्म कमी होत चाललेत, कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत एका बाईमागं सरासरी १.७ मुलं आली, लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. जन्म कमी होत गेले की नंतरच्या वर्षातल्या पोरी आधीच्या वर्षातल्या पोरांपेक्षा तशाही कमीच असणार, गर्भपात बाजूला ठेवला तरी. लोकसंख्येचा अभ्यास करणारे याला मॅरेज स्क्वीझ म्हणतात, आपण लग्नाची कोंडी म्हणू. ही कोंडी अजून बरीच वर्षं राहणार, कारण २०११ च्या आकड्यातली पोरं तर अजून लग्नाला यायचीत.

कोंडी सगळ्यांची सारखी नाही

हिंजवडीत नोकरी असलेल्या पोराला आजही स्थळं येतात. कोंडी होते ती मंगळवेढ्याच्या चार एकर कोरडवाहूवाल्याची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर काम करणाऱ्याची, टपरीवाल्याची, बारावी नापास झालेल्याची. कारण आपल्याकडं एक न लिहिलेला नियम आहे: नवरा शिक्षणानं, पगारानं, उंचीनं, वयानं, सगळ्यानं बायकोपेक्षा वरचढ पाहिजे. पोरी शिकल्या, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायला लागल्या, नोकरीला लागल्या, की त्यांच्या वरचा पोरगा गावात उरतच नाही. आणि तळाला जो पोरगा आहे त्याच्या खाली कोणीच नाही.

हा नियम पोरींनी एकट्यांनी केला असं म्हणायची पद्धत पडलीय. ते खरं नाही. आपल्यापेक्षा जास्त पगाराची सून किती घरं आनंदानं आणतात? तिचा पगार जास्त असेल तर आपला पोरगा दबून राहील असं मुलाची आईच म्हणते, मामा म्हणतो, आणि तो पोरगा पण मनातनं तेच म्हणत असतो. म्हणजे जो नियम आपणच धरून ठेवलाय त्याच नियमानं आपलीच पोरं बाहेर फेकली जातायत.

"पोरींच्या अपेक्षाच लई वाढल्यात"

हे वाक्य प्रत्येक वधू-वर मेळाव्यात ऐकायला मिळतं. म्हणून जरा मुलीच्या जागेवरनं बघू की शेतकऱ्याच्या घरात लग्न करून तिला काय मिळतं.

काम मिळतं, ते नक्की. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरात काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं, पुरुषांची ९७, आणि तीसुद्धा जे पुरुष करतात त्यांची, कारण पाहणीच्या दिवशी घरातल्या कामाला हात लावणारे पुरुष शंभरात साधारण २६ च होते. शेतात राबायचं ते वेगळं, जनावरं वेगळी, पाणी आठ दिवसांनी आलं तर ते भरणं वेगळं.

आणि नावावर काय मिळतं? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात बायकांच्या हातात असलेली वहितीची खाती जेमतेम १४ टक्के होती. राबते ती, सातबारा त्याचा, बहुतेक वेळा त्याचा पण नाही, सासऱ्याचा. नवरा गेला तर दिराशी भांडून वारस नोंद करून घ्यायची, तलाठ्याकडं खेटे घालायचे. हे तिनं आईच्या बाबतीत बघितलेलं असतं, मावशीच्या बाबतीत बघितलेलं असतं. ज्या माणसाच्या स्वतःच्या नावावर काही नाही तो माणूस लग्न ठरवताना समोरच्याचा पगार बघणारच, दुसरं काय बघणार? मुलीच्या बापाला पण हे कळतं. म्हणूनच स्वतः शेतकरी असलेला बाप पोरीसाठी शेतकरी जावई नको म्हणतो, हे आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे, आणि त्याच बापाच्या मुलाला दुसरा शेतकरी पोरगी देत नाही.

पुढं कायद्यांकडं जायचंय पण हा धागा सोडू नका. बाई दुसऱ्याच्या कमाईवर अवलंबून, पुरुषावर कमवायचं ओझं: पुरुषांच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी मला हीच व्यवस्था दिसते.

टंचाई आहे म्हणजे पोरींचा भाव वाढला का?

कांद्याचं उत्पादन घटलं की भाव चढतो, तसं पोरींचं झालं असं म्हणणारे बरेच आहेत. पण भाव ज्याच्या हातात असतो फायदा त्याचा होतो, आणि तो मुलीच्या हातात क्वचित असतो. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण दहातल्या चौघींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास असताना. पोरी कमी असल्या की मोठ्या होईपर्यंत थांबायला कोणी तयार नसतं, मागणी आली की उरकून टाकायचं.

दुसरीकडं एजंट. कर्नाटक सीमेपलीकडनं किंवा मराठवाड्यातनं मुलगी आणून देतो म्हणून लाख-दोन लाख घ्यायचे, चार माणसांत लग्न लावायचं, आणि आठवड्याभरात नवरी दागिने घेऊन गायब. पेपरात अशा बातम्या अधूनमधून येतातच. फसलेला पोरगा पोलिसात पण जात नाही, कारण पैसे देऊन बायको आणली हे सांगायचं कुणाला? यात पुरुषाचं नुकसान झालं यात वाद नाही. फक्त त्या मुलीला पुढं करून पैसे घेणाऱ्या टोळीत बहुतेकदा तिच्या वाट्याला पण काही येत नाही.

आता कायदे: ४९८ अ म्हणजे नेमकं काय

पुरुषांचा सगळ्यात मोठा राग या कलमावर. १९८३ साली भारतीय दंड विधानात ते आलं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोचा क्रूरपणे छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात, आणि अजामीनपात्र आहे म्हणजे जामीन मागितला की मिळालाच असं नाही, कोर्ट ठरवतं.

तक्रार अशी, की एका अर्जावर सगळं घर आत जातं, म्हातारे आई-बाप, लग्न होऊन गेलेली बहीण, सगळे. हे पूर्वी होत होतं, सर्रास होत होतं, आणि ज्यांच्या घरात झालं त्यांनी काय भोगलं ते खोटं म्हणायचा अधिकार कोणाला नाही. म्हणूनच २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक करायची तर कारण लिहायचं. तो नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५ मध्ये आहे. बऱ्याच पोरांना अजून हे माहीतच नाही, आणि ते भीतीपोटी तडजोडीला पैसे मोजतात. डिसेंबर २०२४ मध्ये, बंगळुरूच्या अतुल सुभाष या इंजिनिअरच्या आत्महत्येची चर्चा देशभर चालू होती त्याच दिवसांत, सुप्रीम कोर्टानं पुन्हा बजावलं की कोणी, कधी, काय केलं याचा तपशील नसताना नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना गोवता येणार नाही. त्याच निकालात हेही लिहिलंय की जिचा खरंच छळ झाला तिनं गप्प बसावं असा याचा अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर पहिला भाग फिरला, दुसरा फिरला नाही.

"पण शिक्षा तर थोड्याच केसमध्ये होते, म्हणजे बाकीच्या खोट्याच ना?" असा प्रश्न येतो. निर्दोष सुटणं आणि केस खोटी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच केसेस चालू असतानाच घटस्फोटाची तडजोड होते आणि साक्षीदार फिरतात, चार भिंतींच्या आत झालेल्याला साक्षीदार मुळातच कमी असतात. दुसऱ्या बाजूला २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत देशभरात हुंडाबळीचे जवळपास साडेसहा हजार गुन्हे आहेत. म्हणजे वर्षाला साडेसहा हजार घरात पोरगी मेली. खोट्या केसेस होतात, आणि खऱ्या पण होतात, आणि दोघांनाही एकच औषध लागतं ते म्हणजे झटपट तपास आणि झटपट निकाल. आठ-आठ वर्षं तारखा पडल्या तर खरी पीडित पण मरते आणि निर्दोष नवरा पण.

पोटगी आपणच का भरायची?

कायद्यात पोटगीसाठी वेगवेगळे रस्ते आहेत. एक, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुनं १२५, त्यात स्वतःचा खर्च भागवू न शकणारी बायको, मुलं आणि आई-वडील मागू शकतात. दुसरा, हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५, आणि इथं नीट वाचा, त्यात नवरा पण बायकोकडं पोटगी मागू शकतो. मागणारे कमी आहेत कारण बायकोची कमाई नवऱ्यापेक्षा जास्त असलेली घरं कमी आहेत, आणि असलेल्या घरात लाज आडवी येते.

पगाराच्या अमुक टक्के द्यावीच लागते असा कायदा नाही. पंचवीस टक्क्यांचा आकडा एका निकालातनं उचलला गेलाय, तो सगळ्यांना लागू होणारा नियम नव्हे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज हे शपथपत्रावर सांगायचंय, म्हणजे बायकोनं पगार लपवला तर तोही पकडता येतो आणि नवऱ्यानं दुकान भावाच्या नावावर केलं तर तेही.

पण कोर्ट पोटगी देतं ते का? कारण लग्नानंतर तिनं नोकरी सोडली, किंवा धरलीच नाही, पोरं सांभाळली, सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं बघितलं, त्या काळात नवऱ्याचा पगार वाढत गेला आणि तिच्या हातात अनुभवाचं एक सर्टिफिकेट नाही. जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाचं पैशात मोल धरलंच पाहिजे असं स्पष्ट सांगितलं, तेच तत्त्व इथं आहे. ज्याला वाटतं पोटगी नको, त्यानं लग्नानंतर बायकोची नोकरी सुटणार नाही हे बघावं. माझ्या ओळखीत पोटगीवर सगळ्यात जास्त चिडणारे तेच आहेत ज्यांच्या घरात सुनेनं नोकरी करायची नाही अशी अट होती.

फक्त पुरुषाला शिक्षा असलेला एक कायदा गेला, तो कसा?

याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही म्हणून सांगतो. जुन्या दंड विधानात कलम ४९७ होतं, व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर पाच वर्षांपर्यंत कैद, पण फक्त पुरुषाला, बाईला शून्य शिक्षा. वरवर बघितलं तर पुरुषांवर उघड अन्याय. आता त्याचं आतलं बघा. नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता. आणि नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले तर बायकोला तक्रार करायचा अधिकार नव्हता. म्हणजे बाई नवऱ्याची मालमत्ता, आणि दुसऱ्या पुरुषानं त्या मालमत्तेला हात लावला म्हणून शिक्षा. २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं, कारण दिलं समानतेचं. बाईला पूर्ण माणूस मानलं त्या दिवशी पुरुषांच्या डोक्यावरचा एकतर्फी गुन्हा पण गेला.

मुलांच्या ताब्याचंही थोडंफार असंच. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यानं नैसर्गिक पालक म्हणून बापाचं नाव आधी आणि आईचं नंतर, पण पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईकडं. मालकी बापाची, सांभाळायचं आईनं. मग घटस्फोटात पोरासाठी तडफडणाऱ्या बापाला कोर्ट महिन्यातनं दोन रविवार देतं तेव्हा त्याला कळतं की सांभाळायचं काम बाईचं, या जुन्या समजुतीनं त्याच्याकडनं काय हिसकावलं. मूल झाल्यावर सरकारी बाईला सहा महिने रजा, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस, आणि खाजगीतल्या पुरुषासाठी कायद्यात काहीच नाही. इथं पुरुषांनी खरोखर मोर्चा काढायला पाहिजे.

आणि एक मागणी तर पूर्ण न्यायाची आहे. पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणारं जुनं कलम ३७७ नव्या न्याय संहितेत घेतलंच नाही, त्यामुळं सज्ञान पुरुषावर बळजबरी झाली तर तिच्यासाठी वेगळं कलम आज नाही. यावर बोललं पाहिजे, पुरुषांनी पण आणि बायकांच्या संघटनांनी पण.

हाफ तिकीट आणि लाडकी बहीण

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर. राज्यघटनेच्या कलम १५(३) नं बायका आणि मुलांसाठी अशी खास तरतूद करायला मुभा दिलीय. निवडणुकीच्या तोंडावर दिलेल्या योजनांवर टीका जरूर करा, तिजोरीचा प्रश्न विचारा. पण पीएम किसानचे वर्षाला ६००० कोणाच्या खात्यात येतात? जमीन ज्याच्या नावावर त्याच्या. वरचा १४ टक्क्यांचा आकडा आठवा. त्या योजनेला कोणी लाडका भाऊ म्हणत नाही एवढंच.

कमवायचं ओझं आणि आपलं सोलापूर

पुरुष कमावतो आणि बाई खाते हे चित्र सोलापुरात तरी कधीच पूर्ण खरं नव्हतं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक गिरणी बंद पडली, हजारो पुरुष एका दिवसात बेकार झाले, तेव्हा पूर्व भागातली चूल कोणी पेटती ठेवली? विड्या वळणाऱ्या बायकांनी. मांडीवर सूप घेऊन तेंदूचा पत्ता कापायचा, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, मजुरी हजार विड्यांमागं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली, २००६ ला ताबा मिळाला. कष्टकरी बाईच्या नावानं घर मिळालं की काय बदलतं हे बघायचं तर लांब जायला नको.

त्या काळात बेकार झालेल्या पुरुषांचं काय झालं यावर मात्र कमी बोललं जातं. बायको कमावते याची लाज, त्यातनं दारू, त्यातनं मारहाण, किंवा नुसतं घरात गप्प बसून राहणं. कमावला नाहीस तर तू पुरुष नाहीस, हे लहानपणापासनं डोक्यात भरलेलं असतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष, म्हणजे दहात सात. यावरनं काही जण म्हणतात, बघा, बायकांच्या कायद्यांनी पुरुष मेले. आकडे तसं सांगत नाहीत. लग्नाशी संबंधित कारणं एकूण आत्महत्यांत पाच टक्क्यांच्या आत होती, इतर कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४. आणि मरणाऱ्यांत चारात एकाहून जास्त रोजंदारीवरचे मजूर. त्याच वर्षी पंचवीस हजारांवर गृहिणींनी पण जीव दिला, त्या पण या मोजणीत आहेत. पुरुषाला मन मोकळं करायला जागा नाही, हरलो म्हणायची सोय नाही, ही समानतेचीच मागणी आहे आणि ती पुरुषांनी स्वतःसाठी केली पाहिजे. तोवर कुणाला लागलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालू असतो, मराठीत बोलता येतं, पुरुषांनी पण लावायचा असतो.

बहिणीनं हिस्सा मागितला तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू वारसा कायदा ज्यांना लागू आहे त्या घरात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानंच मुलाएवढी हिस्सेदार आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप जिवंत असायची पण अट नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सांगायला नको. भाऊ बहिणीला साडी-चोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. सही केली नाही तर माहेर तुटतं.

"पण तिच्या लग्नात एवढा खर्च केला की!" हा युक्तिवाद येतो. खर्च मांडवावर, जेवणावळीवर, जावयाच्या गाडीवर झाला, तिच्या नावावर काय झालं? आणि एवढ्याशा जमिनीचे तुकडे होतील ही भीती खरी आहे, पण ती दोन भावांच्या वाटणीत कोणी काढत नाही.

आता यातली गाठ बघा. ज्या पोराला स्वतःची पोटगीची भीती वाटते, ज्याला पगार न बघणारी बायको पाहिजे, तोच घरात बहिणीकडनं सही घेतोय. त्याची होणारी बायको पण कोणाची तरी बहीण आहे, तिच्याकडनं पण तिच्या भावानं सही घेतलीय, म्हणून ती रिकाम्या हातानं येते, आणि रिकाम्या हातानं येणारी माणसं पगाराची स्लिप मागतात. सगळ्या भावांनी मिळून सगळ्या नवऱ्यांचं ओझं वाढवून ठेवलंय, आणि भाऊ आणि नवरा हे तेच पुरुष आहेत.

हे सुटू शकतं, महाराष्ट्रात एकदा सुरुवात पण झाली होती. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं प्रचंड महिला अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकरी पुरुषांनीच आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, गावात शंभर घरांनी केलं तर ते लक्ष्मीमुक्ती गाव. पुढं सरकारनं पण पती-पत्नी दोघांची नावं सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आणली. ही मोहीम पुरुषांनी पुरुषांना सांगून चालवली होती, कोणी कोर्टात खेचलं नव्हतं. आज सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मेळाव्यात एखाद्या पोराच्या बायोडाट्यात, लग्नानंतर सातबाऱ्यावर दोघांची नावं, अशी एक ओळ आली तर मुलीचा बाप तो कागद परत एकदा वाचेल अशी माझी खात्री आहे.

आज जो पस्तिशीचा आहे त्याचं काय?

त्याला वरचं सगळं पटलं तरी त्याच्या हातात आज काय पडतं? जनगणनेचे आकडे काही उलटे फिरत नाहीत. पण कोंडीतला एक भाग आपण स्वतः घट्ट करून ठेवलाय. आधीच पोरी कमी, त्यात जात, जातीत पोटजात, पोटजातीत गोत्र, कुळी, पत्रिका, आणि मग शोध जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत. आंतरजातीय लग्नाला काही अटींवर सरकारचे ५० हजार मिळतात पण पोरांना अडवतात ते घरचे, पैसे नव्हेत. आणि विधवा, घटस्फोटित बायका? आपल्याच तालुक्यात तिशीतल्या कितीतरी आहेत, एखादं लेकरू असलेल्या, शिकलेल्या, राबणाऱ्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनं तो इतर ग्रामपंचायतींपुढं ठेवला. पुरुषाचं दुसरं लग्न वर्षाच्या आत लागतं आणि पस्तिशीचा बिनलग्नाचा पोरगा अजून बाविशीचीच पाहिजे म्हणून बसतो, त्याच्या घरचे तर जास्तच. एजंटला दोन लाख द्यायला तयार असलेलं घर गल्लीतल्या विधवा पोरीचं स्थळ आलं की उठून जातं. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर "विधवा किंवा घटस्फोटित चालेल का" असा रकाना असतो, त्यात मुलांकडनं काय भरलं जातं ते कधी आयोजकांना विचारून बघा.